वारलूभाऊंचा तपकिरी धागा

वारलूभाऊंना कुठल्याही खोलीत सोडलं, की ते आधी माणसांकडे बघत नसत, बटणांकडे बघत. मग उजवा हात उलटा करून, आई पोराच्या कपाळाला लावते तसा, मनगटाजवळचा भाग एखाद्या प्लगला लावत. डोळे मिटत. आणि निकाल देत.

"नाई. ताप नाई."

किंवा, जरा थांबून, "हाय. बारीक हाय, पन हाय."

ताप म्हणजे जोडाची गरमी. वायर कुठे तुटत नाही, ती जोडापाशी आजारी पडते, असं त्यांचं म्हणणं. जोड सैल असला की करंटला जायला वाट अरुंद होते, तो तिथे घासतो, जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि एक दिवस धूर निघतो. हे मी त्यांच्याकडून शिकलो. पदवीच्या चार वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर मनगट लावून शिकवलं नव्हतं.

"पण भाऊ, उलटाच हात का?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"सुलट्या हातानं धरलं अन् करंट असला, तर मूठ आवळते सर. मंग सुटत नाई. उलट्यानं झटका बसला तर हात आपल्याच अंगावर येते. लगनात नवरी लाजते ना, तसा."

चंद्रपूरच्या आमच्या तंत्रनिकेतनात ते वर्कशॉपचे वायरमन होते, आणि मी तिथे कंत्राटी अध्यापक म्हणून लागलो होतो. वय तेहतीस, दर वर्षी जूनमध्ये नव्या कराराचा कागद, आणि तो येईपर्यंत पुढच्या वर्षाचं काही खरं नाही. त्या काळात विद्यार्थ्यांचे यंत्रमानव बनवण्याचे आणि लढवण्याचे सामने नवेनवे आले होते. वारलूभाऊंचं आणि त्या यंत्रांचं जमलं, ते का, हे सांगण्याआधी त्यांच्या धाग्याविषयी सांगायला हवं.

वारलूभाऊ सिंदेवाहीपलीकडच्या एका तलावाकाठच्या गावचे, ढिवराच्या घरातले. त्यांचे वडील जाळी विणायचे. सुती धागा, ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळून तपकिरी केलेला, म्हणजे पाण्यात कुजत नाही. वडील गेल्यावर नायलॉन आलं, आणि ते शेवटचं सुती जाळं कुणाच्या कामाचं उरलं नाही. वारलूभाऊंनी ते चंद्रपूरला आणलं. वर्कशॉपमधल्या त्यांच्या कपाटात ते घडी करून ठेवलेलं असे. एखादा जोड पक्का केला, की ते जाळ्यातून वीतभर धागा ओढत, आणि जोडाच्या मागे, वायरीवर, दोन बोटं जागा सोडून बांधत.

"हे कशाला?"

"जोडाले धनी पाह्यजे," ते म्हणत. "उद्या जळला तर कोनाच्या दारात जावाचं, हे समजलं पाह्यजे ना. हॉस्टेलच्या भटारखान्यात एकडाव जोड जळला. सारे म्हनत, मी नाई केला, मी नाई केला. म्हंजे का तो सोताच झाला? झाडाले लागला?"

साऱ्या संस्थेत त्यांचे तपकिरी धागे होते. पंख्यांच्या टोप्यांत, लेथच्या पेटीत, प्राचार्यांच्या टेबलाखालीसुद्धा.

विद्यार्थ्यांनी केलेल्या जोडांची ते परीक्षा घेत. भिंतीत एक खिळा होता. वायरीच्या टोकाला दाबून बसवायची तांब्याची टोपी असते, तिला आमच्याकडे थिंबल म्हणतात. पोरानं थिंबल दाबून आणलं, की ते खिळ्याला अडकवायचं आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला किराणा दुकानातलं जुनं पाच किलोचं वजन लटकवायचं. मग वारलूभाऊ चहा मागवत. त्यांचा चहा संपेपर्यंत जोड टिकला तर पास.

अडचण एवढीच, की वारलूभाऊ चहा फार सावकाश पीत. एक घोट, मग खिडकीबाहेर बघणं. आणखी एक घोट. पोरं वजनाकडे आणि ग्लासाकडे आळीपाळीनं बघत उभी.

"भाऊ, थंडा होऊन राह्यला चहा."

"होऊ दे. जोड थंडा राह्यला पाह्यजे, चहाचं का हाय."

नुसत्या वायरी पिळून वर टेप गुंडाळणाऱ्याला ते खिळ्यापर्यंतही येऊ देत नसत. "वेणी घातली, वरतून रिबिन लावली, झाली पोरगी तयार! घेऊन जा घरी."

आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट तर अजूनही सांगितली जाते. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, आणि अचानक मांडवातला सगळा उजेड गेला. बँडवाले थांबले, भटजी थांबले. अंधारातून वारलूभाऊंचा आवाज आला, "घाबरू नोका, म्याच बंद केलं! मेन जोडाले लय ताप होता. दोन मिनिटं द्या. नवरदेव कुठी चालला?" नवरदेव कुठेच चालला नव्हता. हेडक्लार्क मात्र वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. वारलूभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. त्या मांडवातून निघताना त्यांनी जोडावर धागा बांधला होता.

तर असा हा माणूस, आणि त्यात आला यंत्रमानव.

नागपूरच्या एका महाविद्यालयात सामना होता. दोन यंत्रं एका चौकटीत सोडायची, ज्यानं दुसऱ्याला ढकलून बाहेर काढलं तो जिंकला. आमच्या पोरांनी चार चाकं, ट्रकच्या वायपरच्या चार मोटारी आणि एक बॅटरी घेऊन एक बुटकं, रुंद छातीचं यंत्र बनवलं. नाव ठेवलं गवा. ताडोब्याच्या वाटेवर सगळ्यांनी गवा पाहिलेला, त्यामुळे नावावर भांडण झालं नाही.

वारलूभाऊ पहिल्या दिवशी नुसतेच भोवती फिरले. मग त्यांनी गव्याचं तोंड भिंतीला लावायला सांगितलं. "आता ढकल." पोरानं बटण दाबलं. गवा भिंतीला ढकलत राहिला, चाकं जागच्या जागी कण्हत राहिली. वारलूभाऊंनी मनगट वायरीला लावलं आणि पाच मोजायच्या आत ओरडले, "सोड! सोड!"

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना खाली बसवलं. मलासुद्धा.

"मोटार फिरून राह्यली ना, तवा घोट घोट पेते. अडली, का मंग बादलीच तोंडाले लावते. फिरतानी चार अँपिअर पेनारी अडल्यावर वीस पेते. अशा चार हायेत. किती झाले सर?"

"ऐंशी."

"ऐंशी! घरातला अख्खा मीटर येवढं पेत नाई. अन् हे सारं एकाच जोडातून जावाचं हाय, बॅटरीपाशी. तो जोड मी करतो."

आठ दिवस ते त्या एका जोडाला लागले होते. दोन जाड थिंबलं, पितळी बोल्ट, वर दोन नट, मध्ये स्प्रिंगचा वॉशर, सगळ्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर. गवा दिवसातून दहादा भिंतीला लावायचा आणि ताप बघायचा. सुरुवातीला तो ताप त्यांच्या चेहऱ्यावर दिसे, आठव्या दिवशी दिसेना. "थंडा हाय," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. धागा बांधला.

तो जोड दिसायला सुजलेल्या अंगठ्यासारखा होता.

प्राचार्य पाहणीला आले आणि त्यांचं बोट नेमकं तिथेच गेलं. "हे गाठोडं काय आहे? नीटनेटकेपणाचे वेगळे गुण आहेत. वारलूला सांगा, काहीतरी चांगलं लावायला." आणि जाताना दारात, मला एकट्याला, "जूनमध्ये तुमचा कागद माझ्याकडेच येणार आहे. एक जागा कायम व्हायची आहे. बघू, नागपूरला काय होतं ते."

मग मी नागपूरच्या सीताबर्डीहून एक कनेक्टर आणला. पिवळा, चकचकीत, एका झटक्यात लागणारा आणि निघणारा. वारलूभाऊंनी तो हातात घेऊन आत फुंकर मारली. "देखना हाय. पन गळा बारीक हाय याचा. रेडिओले लावा. गव्याले नोका लावू."

मी बरं म्हणालो आणि तो खिशात ठेवला.

यापुढचं मी एका माणसाशिवाय आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

नागपूरला वारलूभाऊ एसटीतून बॅटरी दोन्ही पायांत धरून आले. पहिल्या दोन फेऱ्या गव्यानं आरामात मारल्या. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले. मी गेलो नाही. शेवटच्या फेरीआधी परीक्षक यंत्रं जवळून बघून नीटनेटकेपणाचे गुण देणार होते. मी गव्याशेजारी बसलो, दोन नट सोडले, सुजलेला अंगठा काढला आणि पिवळा कनेक्टर लावला. सुंदर दिसत होता.

पण वारलूभाऊ प्रत्येक फेरीआधी धागा शोधत. तो दिसला नसता तर त्यांनी सगळा सामना थांबवला असता, लग्न थांबवलं तसं. आता एका नजरेत तो दिसला की भागणार होतं. रबराच्या खाली आपलाच जोड आहे, असं ते धरून चालणार होते. म्हणून मी त्यांच्या जोडामागचा तपकिरी धागा सोडवला आणि पिवळ्या कनेक्टरच्या मागे बांधला. दोन बोटं जागा सोडून. कनेक्टरवर मी ट्यूबचा जुना तुकडा पांघरला, परीक्षक आले की काढायचा म्हणून.

परीक्षकांनी गुण दिले, आणि मी ट्यूब पुन्हा पांघरली. वारलूभाऊ हात धुऊन आले, धाग्याकडे बघितलं, मान हलवली. फेरी सुरू झाली.

समोर यवतमाळकडच्या पोरांचं यंत्र होतं, गव्याएवढंच दांडगं. दोघं मधोमध भिडले आणि थांबले. कुणी हलेना. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि त्या गोंगाटात मला एकच आवाज ऐकू येत होता, चौकटीच्या कडेला वाकलेल्या वारलूभाऊंचा.

"मागं घे! अडून राह्यली रे, पिऊन राह्यली! मागं घे!"

मग आला तो वास. जळक्या प्लास्टिकचा. पाठोपाठ धूर. गवा मेला आणि समोरच्यानं त्याला सावकाश ढकलत बाहेर नेलं.

सामना बघायला आलेले प्राचार्य गॅलरीतून खाली आले. ट्यूब बाजूला केली. पिवळा कनेक्टर वितळून आंब्याच्या कोयीसारखा झाला होता. मागे धागा होता, एका बाजूनं काळा पडलेला.

"वारलू, हा धागा कुणाचा?"

वारलूभाऊ वाकले. मनगट लावलं, चटका बसला असणार, पण काढलं नाही. त्यांनी कनेक्टरकडे फार बघितलं नाही, धाग्याकडे बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे, क्षणभर.

"धागा माहा हाय," ते म्हणाले.

जोड माझा आहे, असं ते म्हणाले नव्हते. हे माझ्या लक्षात परतीच्या एसटीत आलं. ते पुढच्या बाकावर, बॅटरी पायांत धरून, तसेच बसले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून ती पिवळी कोय डोकावत होती. मी पूर्ण रस्ताभर बोलायचं ठरवत होतो. वरोऱ्यापाशी त्यांनी मागे वळून बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. "सर, खिडकी लावा," ते म्हणाले. "धूळ येते."

जूनमध्ये माझा कागद आला, कायमचा. त्याच महिन्यात वारलूभाऊंना वर्कशॉपमधून काढून हॉस्टेलमागच्या पाण्याच्या पंपावर पाठवलं. विद्यार्थ्यांच्या कामाला हात लावायचा नाही, असा लेखी आदेश. ते जाळं काखेत मारून गेले. भिंतीतला खिळा राहिला. त्यावर नंतर कुणीतरी कॅलेंडर लावलं.

पंपघर माझ्या खोलीपासून चार मिनिटांवर होतं. सहा वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नाही. हॉस्टेलकडे जायचं असलं तर मी मोठ्या फाटकानं वळसा घालून जायचो. त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी मला गडचिरोलीला परीक्षेचं काम निघालं. निघालं नव्हतं, मी काढलं.

ते निवृत्त होऊन गावी गेल्यावर दोन वर्षांनी वर्कशॉपची जुनी वायरिंग बदलायला घेतली. नवा वायरमन लेथची पेटी उघडून मला हाक मारत आला. "सर, हे पाहा ना. सारं कार्बन झालं हाय, अन् हा एकच जोड नव्यासारखा. थंडा. अन् यावर हे दोरीचं काय बांधून ठेवलं कोनी?"

मी उलटा हात त्या जोडाला लावला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

गावात शोधावं लागलं नाही. तलावाच्या पाळीवर धुणं धुणाऱ्या बाईनं माझ्याकडे बघून विचारलं, "वारलूबाबाकडे? तुमचंही काही जळलं का?" रस्त्यावरच्या प्रत्येक खांबाच्या पेटीतून तपकिरी शेपूट लोंबत होतं.

ते अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते, नायलॉनचं, कुणा दुसऱ्याचं. घरात एकटेच. मला बघून उठले, बाज झटकली, आत जाऊन चुलीवर चहा ठेवून आले आणि पुन्हा सुई हातात घेतली. तब्येत, पाऊस, तलावात माशांचं बीज सोडलं का, हे सगळं झालं. मग मी म्हणालो,

"भाऊ, नागपूरचा तो जोड तुमचा नव्हता."

"हौ."

"मी बदलला होता. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. धागा काढून मीच त्यावर बांधला."

"हौ." सुई थांबली नाही. "तवाच समजलं. आमच्यात पाच वरसाच्या पोरालेही जाळ्याची गाठ येते. तुमी बुटाच्या नाडीची मारली होती. मासोरी हासत हासत निंगून जाईन त्याच्यातून."

"मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"तुमच्या तोंडाकडे पाह्यलं. हात न लावता समजला ताप." ते जरा हसले. "अन् दुसरं सांगू? घरी आल्यावर इचार केला. कोनी माह्या धाग्याची नक्कल केली, म्हंजे माह्या धाग्याले काही वजन हाय. नाईतर वायरमनची नक्कल कोन करते, सर?"



"पन एक गोष्ट बरी नाई केली तुमी," ते म्हणाले, आणि सुई खाली ठेवली. मी सावरून बसलो. वर्कशॉप, पंपघर, तो लेखी आदेश, काय काय निघणार याची मला कल्पना होती.

"सहा वरसं पंपावर काऊन नाई आले?"

"तोंड नव्हतं, भाऊ."

"तोंडाचं काय काम? जोड जळला तर मानूस ईचाराले येते ना, का बाबा, काऊन जळला? मी म्हनलं, आज नाई तर उद्या येतीन. मास्तर मानूस हाय, ईचारल्याशिवाय कसा राहीन? मी सारं काढून ठेवलं होतं."

ते आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं काही घेऊन आले. ती पिवळी कोय होती. हॅक्सॉच्या पात्यानं मधोमध, उभी कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. एका अर्ध्यामागे वायरीचा तुकडा होता आणि त्यावर धागा, माझ्या गाठीसकट.

"गाठ सोडली नाई मी. तुमची हाय. आता इथी पाहा." त्यांनी गवताची काडी घेतली आणि आतल्या पितळेवर टेकवली. "दिसाले पूर्ण बसला दिसते. पन टेकतो कुठी? या दोनच ठिकानी. उरलेली हवा. ऐंशी अँपिअर अन् येवढ्याशा दोन टिकल्या! अन् हे पाहा, ताप इथून निंगाला, मंग स्प्रिंगले गेला, स्प्रिंग मऊ झाली, पकड सुटली..."

ते बोलत राहिले. काडी फिरत राहिली. एकही शब्द अडत नव्हता. हे सगळं किती वेळा मनात म्हणून झालं असेल, ते मला ऐकताना कळत होतं. मी प्रश्न विचारले. खरेखुरे विचारले, कारण मला उत्तरं येत नव्हती, आणि प्रत्येक प्रश्नाला ते मांडीवर थाप मारत, "हे! हे ईचारलं पाह्यजे होतं!"

मग त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक थिंबल, वायर आणि दाबायची पक्कड काढली. "करा."

मी केलं. त्यांनी ते ओढून बघितलं, वळवून बघितलं आणि ओसरीच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवलं. खाली मासे तोलायचं वजन लटकवलं. मग चहाचे दोन ग्लास आणले आणि आम्ही समोरासमोर बसलो.

वजन हललं नाही. वारलूभाऊंनी एक घोट घेतला आणि तलावाकडे बघितलं. बऱ्याच वेळानं दुसरा. माझा चहा संपला. पाळीवरची बाई धुणं घेऊन गेली. माझी परतीची दुपारची एसटी फाट्यावर भोंगा वाजवून निघून गेली, ती आम्हा दोघांनाही ऐकू आली.

जोड तसाच होता. वारलूभाऊ मधूनमधून ग्लास तोंडाला लावत होते. तो कधीचाच रिकामा झाला होता. मी वजनाकडे बघत बसून राहिलो.